काटा

सत्तावीस गळीत हंगाम
मी दुसऱ्यांचा ऊस तोलला.
ट्रॅक्टर चढला, भरलेलं वजन,
उतरला, रिकामं वजन,
मधला फरक पावतीवर.
कुणी म्हणालं काटा मारता, कुणी नाही म्हणालं.
मी खिडकीतून हात काढून पावत्या देत राहिलो
आणि तोच हात आत घेऊन
तासाला एक कप,
कपाला दोन चमचे.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून माझ्याकडं केला.
नऊ पॉइंट आठ.
मला वाटलं उताऱ्याचं बोलताहेत.
म्हटलं, सुरुवातीला एवढाच असतो,
पुढं वाढतो.

"जेवणात काय असतं?"
भाकरी. आमटी. भात. रविवारी मटण.
"हिरवं काही?"
बराच वेळ आठवलं.
"कोथिंबीर," म्हटलं, "आमटीवर."
बाई हसल्या नाहीत.
गोळी लिहिली, आणि तिच्याखाली:
अर्धं ताट भाजी. रोज एक फळ, चावून.
रस नको.

पॅसेंजरच्या खिडकीतून बघत आलो,
नांद्रे गेलं, भिलवडी आली,
दोन्ही अंगांना हिरवंच हिरवं
आणि त्यात ताटात घेण्यासारखं काही नाही.
आमच्या सरीतसुद्धा एकेकाळी घोळ यायची, पातरी यायची,
आई खुरपून झालं की ओचा भरून आणायची.
मग पंप मीच पाठीवर घेतला.
तण कशाला म्हणायचं
ते डब्यावर छापलेलं होतं.

बाजारात शमशाद बागवान बसते,
स्टँडच्या भिंतीला पाठ लावून.
विचारलं, हा चाकवत करतात कसा?
शेजारची लिंबूवाली तोंडाला पदर लावून हसली.
शमशाद म्हणाली, "मालनभाभीला इचारा की.
दर बाजारी न्हेत्यात."

दर बाजारी?

घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली.
मालननं पिशवीत बघितलं, मग माझ्याकडं.
"लग्नाच्या वर्षी वाढली होती करडई.
ताट सरकवलंत. गुरं खातात म्हणालात."
मला आठवेना.
तिला ताटासकट आठवत होतं.

म्हणजे इतकी वर्षं
माझं जेवण झाल्यावर ती कढईतनं जे खायची
ते उरलेलं नव्हतं.
ताकातला चाकवत, डाळ घालून करडई,
कोवळा हरभरा, भोपळ्याची पानं,
मळीतली वांगी देठासकट.
मी हात धुऊन बाहेर खुर्चीवर
आणि आत तिची पंगत.

मिरजेला तिलाही नेलं, म्हटलं तपासून टाका.
पाच पॉइंट तीन.
बाईंनी कागद तिच्याकडं फिरवलाच नाही,
माझ्याकडंच फिरवला.

आता सांगण्यासारखं फार नाही.
रात्री तळपायाला मुंग्या यायच्या, कमी झाल्या.
सकाळचं काम पाच मिनिटांत होतं,
हे कवितेत लिहू नका म्हणाली, लिहिलं.
पेरू कापून मीठ लावायचो, आता तसाच खातो,
दात अजून आहेत याचा आनंद होतो.
सात पॉइंट एक. गोळी तीच आहे.
चहा कमी झाला, बंद नाही,
खोटं कशाला बोलू.

बांधाकडच्या दोन सऱ्यांत या वर्षी ऊस लावला नाही.
तुकारामशेठचा दौलू बांधावर थांबून म्हणाला,
"अण्णा, मेथी टनाला किती बसती?"
शमशादकडं तर काटाच नाही.
मूठ भरते, केळीच्या सोपटानं बांधते,
वर चार काड्या टाकते, न मागता.
मी सत्तावीस हंगामांत
कुणाच्या पावतीवर चार काड्या टाकल्या नाहीत.

दुपारी आता दोन ताटं एकदम.
कढईत तळाला थोडी राहते.
ती म्हणते, घ्या तुम्ही. मी म्हणतो, तू घे.
हे आठवडाभर चाललं.
काल तिनं विचारलंच नाही,
भाकरीच्या तुकड्यानं कढई पुसली
आणि माझ्याकडं न बघता
खाऊन टाकली.